कंपनी पातळीवर जवानांसाठी सहकारी मेंटरिंग आणि नेतृत्वविकास: सुरुवात कशी करावी?

कंपनी_ट्रेनिंग (प्रश्न)

कंपनीत साधारण ११० जण आहेत. त्यातले ३० गेल्या वर्षभरात प्रशिक्षण केंद्रातून आलेले. कंपनी कमांडरना सहा महिन्यांचा कार्यक्रम हवा आहे. चार ते आठ वर्षं नोकरी झालेल्या जवानांनी नव्यांना हाताशी धरायचं आणि त्याच ओघात या जुन्या जवानांमधून पुढचे सेक्शन कमांडर (सात-आठ जणांच्या गटाचे प्रमुख) घडवायचे, अशी कल्पना आहे. वेगळा निधी नाही आणि बाहेरून प्रशिक्षकही येणार नाही. आठवड्याच्या ट्रेनिंग प्रोग्राममध्ये वेळ मिळेल, पण किती मागायचा ते मला ठरवायचं आहे.

जोड्या कोणी आणि कशा लावाव्यात? मेंटरना किती प्रशिक्षण पुरतं? नोंदी ठेवाव्यात का, ठेवल्या तर कसल्या? मेंटरिंग आणि नेतृत्वविकास एकत्र चालवावं की वेगळं? बडी सिस्टीम आधीपासून आहे. तिच्यातच हे बसवता येईल का?

नकाशा_आणि_कंपास

शेवटच्या प्रश्नापासून घेतो. बडीमध्ये बसवू नका. बडी बरोबरीचा, एकाच सेक्शनमधला आणि दिवसरात्र सोबत असणारा. एकमेकांचं किट तपासणं, झोप-जेवणावर लक्ष ठेवणं, धोक्यात पाठ राखणं हे त्याचं काम. मेंटर अनुभवाने चार वर्षं पुढे असतो आणि रोजच्या कटकटीच्या बाहेर असतो. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली की त्यातलं एकही धड होत नाही.

जोड्या लावताना एक नियम कधीही मोडू नका. मेंटर हा त्या जवानाचा रिपोर्ट लिहिणारा, सुट्टी देणारा, ड्यूटी लावणारा किंवा त्याला शिक्षा करू शकणारा नसावा. म्हणून मेंटर दुसऱ्या प्लाटूनमधला (काही सेक्शन मिळून होणारी तुकडी) घ्या. एका मेंटरकडे दोन नवे जवान द्या, अगदी अडलंच तर तीन. म्हणजे ३० जणांना १५ मेंटर लागतील, पण तयार करा १८, कारण कोर्स, बदली आणि लांबच्या सुट्टीत दोन-तीन जण गळणारच.

मेंटर निवडायला सगळ्या कंपनीकडून निनावी चिठ्ठ्या घ्या. त्यात दोनच प्रश्न ठेवा. "घरची अडचण आली तर कंपनीत कोणाशी बोलशील?" आणि "रात्रीच्या गस्तीवर कोणाच्या मागे निर्धास्त चालशील?" प्रत्येक प्रश्नाला दोन नावं लिहायला सांगा. पहिल्या यादीत लोकांना आवडणारे येतात आणि दुसऱ्या यादीत कामाचे पक्के. दोन्ही याद्यांत असलेल्यांना आधी विचारा. कंपनी कमांडरनी फक्त शिस्तीच्या कारणावरून नाव कापावं, स्वतःची नावं घुसवू नयेत. आणि निवडलेल्याला नाही म्हणता आलं पाहिजे. हुकमाने मेंटर झालेला माणूस पहिल्या महिन्यात भेटी उरकायला लागतो, ते समोरच्याला लगेच कळतं.

चिठ्ठ्यांतून नावं ठरली की नव्या जवानाने तीन पसंती द्यायच्या आणि कार्यक्रम सांभाळणाऱ्या समन्वयकाने जुळवणी करायची. ट्रेड सारखा असेल तर उत्तम, सिग्नलवाल्याला सिग्नलवाला. एकाच भागातले, एकाच भाषेचे लोक जोडावेत का यावर वाद होतो. पहिला महिना सोपा जातो हे खरं, पण कंपनीत आधीच गट असतील तर ते घट्ट होतात. म्हणून भाषेची खरीच अडचण असेल तरच तसं करा. सहाव्या आठवड्यात प्रत्येकाला, अपवाद न करता, "जोडी बदलायची आहे का?" असं विचारा. सगळ्यांनाच विचारलं की बदल मागणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. कारण विचारू नका.

वेळ मागताना पंधरा दिवसांतून एक भेट, ४० मिनिटं, असं धरा. सहा महिन्यांत साधारण १२ भेटी होतात. ही वेळ ट्रेनिंग प्रोग्राममध्ये पिरियड म्हणून छापून आली पाहिजे. "सवडीने भेटा" असं लिहिलं तर तिसऱ्या भेटीपासून पुढे कोणी भेटत नाही. शनिवारी खेळानंतर किंवा नाइट मार्चच्या दुसऱ्या दिवशीही ठेवू नका. आठवड्याच्या मधला, जेवणाआधीचा पिरियड घ्या आणि त्याच आठवड्यात एक राखीव पिरियडही ठेवा. रद्द करायचा अधिकार फक्त कंपनी कमांडरकडे असावा. तो प्लाटून पातळीवर दिला की स्टोअर-मोजणी, फटीग (सफाई-हमालीसारखी कामं), गाडी धुणं यातलं काही ना काही त्या वेळेवर बसतंच.

मेंटरना दोन दिवसांत मिळून १२ तासांचं प्रशिक्षण पुरतं, पण निम्म्याहून जास्त वेळ सराव हवा. तिघांचे गट करा. एकाने स्वतःची खरी, पण हलकी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायचं आणि तिसऱ्याने फक्त बघायचं. दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं निरीक्षण, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाच्या हातात कागद द्या आणि दोन खुणा मोजायला सांगा: किती प्रश्न विचारले आणि किती सल्ले दिले. जुना जवान पहिल्या मिनिटातच सल्ला देऊन मोकळा होतो. कागदावरचे आकडे बघितल्यावर ते त्याचं त्यालाच दिसतं, तुम्हाला भाषण करावं लागत नाही. भेटीचा साचा चार प्रश्नांचा ठेवा: तुला काय साधायचं आहे, आत्ता कुठे आहेस, काय काय करून बघता येईल, आणि पुढच्या भेटीपर्यंत नेमकं काय करणार. चौथ्याला तारखेसह उत्तर मिळालं नाही तर ती भेट गप्पांवरच संपली असं समजा.

नोंदीसाठी खिशात मावेल असं एक कार्ड द्या. त्यावर तारीख, किती मिनिटं, पुढची तारीख. बोलण्यातला एक शब्दही त्यावर नको.

जुनी_पलटण

वरचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली आहे. हा कार्यक्रम नवे जवान बुडवत नाहीत, मेंटरही बुडवत नाहीत. दुखावलेले सेक्शन कमांडर बुडवतात, आणि त्यांचं दुखणं बऱ्याचदा रास्त असतं. आपला पोरगा दुसऱ्या प्लाटूनमधल्या माणसाकडे जाऊन आपल्याबद्दल बोलतो, ही भावना कोणालाही टोचेल.

म्हणून मेंटरची नावं जाहीर होण्याआधी सेक्शन कमांडर आणि प्लाटून हवालदारांना तासभर घेऊन बसा. मेंटर काय करणार नाही ते स्पष्ट सांगा. सुट्टीसाठी रदबदली करणार नाही. ड्यूटी रोस्टरमध्ये हात घालणार नाही. दिलेल्या हुकमावर मत देणार नाही. नवा जवान मेंटरपुढे "मलाच सारखी गार्ड लागते" म्हणाला, तर मेंटरने त्याच्याकडून गेल्या महिन्याच्या गार्डच्या तारखा लिहून घ्याव्यात, सेक्शन कमांडरशी कधी आणि कोणत्या शब्दांत बोलायचं याची तालीम करून घ्यावी, आणि त्याला स्वतःलाच तिकडे पाठवावं. निरोप पोचवू नये. यात त्या जवानाचंही शिक्षण होतं आणि सेक्शन कमांडरचा मानही राहतो. मारहाण किंवा छळाची तक्रार असेल तर अर्थातच हा रस्ता नाही, ती ठरलेल्या मार्गाने सरळ वर जाते.

दुसरं म्हणजे, सेक्शन कमांडरने नव्या जवानाशी पहिल्या आठवड्यात समोर बसून बोलायचं असतं, अपेक्षा सांगायच्या असतात, महिन्याने पुन्हा तपासायचं असतं. मेंटर आला म्हणून ते बंद पडता कामा नये. महिन्याच्या आढाव्यात हे बोलणं झालं की नाही तेही विचारा. नाहीतर "ते आता मेंटर बघतो" हे वाक्य ऐकू यायला वेळ लागत नाही.

मेंटरना सवलती देऊ नका. गार्डमधून सूट दिली की बाकीचे चिडतात आणि चुकीची माणसं पुढे येतात. मात्र भेटीचा पिरियड ड्यूटीत धरा, त्यांच्या विश्रांतीतून कापू नका.

कंपनी_ट्रेनिंग

दोघांचेही आभार, साहेब. गार्डच्या तारखांचं उदाहरण मेंटरच्या प्रशिक्षणात घेतो. आता एका गोष्टीवर अडलो आहे. बोलणं गुप्त राहील असं आधी सांगायचं आणि नंतर जवान जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला तर? मेंटरने ते आधी कसं मांडावं आणि त्या वेळी नेमकं काय करावं?

मेडिक_११

पूर्ण गुप्ततेचं वचन कधीच द्यायचं नाही. मर्यादा पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. वाक्य मेंटरकडून पाठ करून घ्या, म्हणजे सगळेजण तेच सांगतील:

"तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. चार गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुझ्यावर किंवा तू कोणावर अत्याचार करत असशील, किंवा शस्त्र, दारूगोळा, सुरक्षेचा मामला असेल. तसं झालं तर मला पुढे सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन आणि तुझ्यासोबत येईन."

शेवटचा भाग गाळू देऊ नका, त्याच्यामुळेच माणूस बोलतो.

शंका आली तर सरळ विचारायचं: "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे, संशोधनाने त्याला आधार दिलेला नाही. आडून विचारलं तर उत्तरही आडूनच येतं. "हो" आलं, किंवा उत्तर टाळलं आणि तुम्हाला खात्री वाटेना, तर एकटं सोडायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, बाथरूमला गेला तरी दाराशी थांबायचं. त्याच्याकडे शस्त्र असेल तर मेंटरने झटापट करू नये. दुसऱ्या कोणाला तरी ड्यूटी कमांडरकडे पाठवावं आणि शस्त्र, दारूगोळा कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा करून घ्यावा. मग स्वतः सोबत चालत मेडिकल ऑफिसरकडे न्यावं. "जाऊन ये" म्हणून धाडू नये. तिथे पोचल्यावर मेंटरचं काम संपतं. उपचार करणं त्याचं काम नव्हे, हे त्यालाही ठासून सांगा, नाहीतर तो ते ओझं रात्रभर वागवत बसतो. दुसऱ्या दिवशी समन्वयकाने मेंटरला वेगळं बोलावून तो कसा आहे ते विचारावं.

रोजच्या नजरेसाठी कॅनडाच्या सैन्यात वापरतात ती चार रंगांची पट्टी सोपी आहे: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. झोप, चिडचिड, कामातल्या चुका, लोकांत मिसळणं, दारू यांत बदल होतोय का आणि तो किती दिवस टिकतोय, हे बघायचं. दोन रात्री झोप नाही लागली तर पिवळा. आठवडे झोप नाही, किट अस्ताव्यस्त, जेवायला एकटाच बसतो, तर नारिंगी, आणि तेव्हाच मेडिकल ऑफिसरशी बोलणं सोपं असतं. लालची वाट बघू नका. रंग ठरवून रोगाचं नाव द्यायचं नसतं, एवढं मात्र मेंटरना समजावा.

अपघात किंवा मृत्यू झाला तर मेंटरनी सगळ्यांना त्याच संध्याकाळी गोल बसवून घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. अशा एकाच बैठकीचा फायदा अभ्यासांत दिसला नाही, काहींना उलट त्रासच वाढला. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये सुरू झालेल्या ट्रिम पद्धतीत प्रशिक्षित सहकारी साधारण ७२ तासांनंतर ठरलेल्या मुद्द्यांवर बोलतो आणि महिनाभराने तेच पुन्हा तपासतो. तसं करायचं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, तुमच्या १२ तासांत ते बसणार नाही. तोवर झोप, जेवण, पाणी, घरी फोन आणि सोबत, एवढं पुरे.

सँडमॉडेल

नेतृत्वाच्या भागाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहितो. मेंटरिंग आणि नेतृत्वविकास एकाच कार्यक्रमात ठेवा, पण दोन वेगळ्या रुळांवर. मेंटर म्हणून कसा आहे याला गुण देऊ नका आणि ते बढतीला जोडू नका. जोडलं की मेंटर आपला जवान चांगला दिसावा म्हणून अडचणी लपवतो. नेतृत्वाची कामं मात्र उघड बघा आणि उघड बोला. अमेरिकेच्या रेंजर स्कूलमध्ये सहकारी एकमेकांना क्रम देतात, पण तिथे हेतू निवडीचा आहे. तुमचा हेतू घडवण्याचा आहे, तेव्हा तो साचा उचलू नका.

व्याख्यानांवर वेळ घालवू नका. प्रत्येक मेंटरला महिन्याला एक खरं काम द्या, दर वेळी थोडं जड. पहिल्या महिन्यात सेक्शनची पीटी किंवा शस्त्र-सफाईचा पिरियड. दुसऱ्यात ३० मिनिटांचा एक पाठ, स्वतः तयार केलेला. तिसऱ्यात सँड मॉडेलवर (वाळूत केलेला जमिनीचा नमुना) गस्तीचे तोंडी हुकूम, पाच भागांत: परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद-प्रशासन, कमांड आणि सिग्नल. चौथ्यात दिवसाची सरावगस्त, पाचव्यात तीच रात्री. सहाव्यात प्लाटूनच्या फायरिंगच्या दिवसाची आखणी: दारूगोळ्याची मागणी, गाड्या, मेडिकल कव्हर, सेफ्टी ऑफिसर, पावसाचा पर्याय. प्रत्येक कामात एक-तृतीयांश वेळेचा नियम पाळायला लावा. हातात सहा तास असतील तर नेत्याने दोन तासांत आखणी संपवायची आणि चार तास खालच्यांच्या तयारीला सोडायचे. नवखा नेता नेमका इथे अडखळतो. तो पाच तास नकाशा रंगवतो आणि सेक्शनला तासाभरात पळवतो.

नव्या जवानांनाही यात घ्या. त्याच कामात त्यांना छोटी पण नाव घेऊन जबाबदारी द्या: पाण्याचे कॅन, बॅटऱ्या, दारूगोळ्याची मोजणी.

वरिष्ठांनी पाळायची शिस्त म्हणजे, काम चालू असताना सुरक्षेखेरीज मध्ये बोलायचं नाही. प्लाटून कमांडर मध्येच "असं नाही, तसं" म्हणाला की नेतृत्व तिथल्या तिथे हातातून जातं आणि पुढच्या वेळी तो जवान आधी साहेबांच्या तोंडाकडे बघतो. सुरक्षेसाठी थांबवायचं तर सरळ "थांबा" म्हणून थांबवा.

खरं शिक्षण कामानंतरच्या आढाव्यात होतं. अमेरिकी सैन्याने फोर्ट अर्विनच्या प्रशिक्षण केंद्रात रुळवलेली पद्धत आज जगभर चालते: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढे काय ठेवायचं आणि काय बदलायचं. त्याच दिवशी, ३० मिनिटांत उरका. निम्मा वेळ शेवटच्या प्रश्नाला द्या. आधी सर्वांत कनिष्ठ बोलेल, कमांडर सर्वांत शेवटी, आणि तोही दोनच मुद्दे.

उदाहरण घेऊ. गस्त २० मिनिटं उशिरा निघाली. "कोणाची चूक?" विचारलं तर सगळे जमिनीकडे बघतात. "का?" विचारत जा. रेडिओ चेक झाला नाही. का? बॅटरी उतरलेली होती. का? चार्जिंगला लावायचं काम कोणाचं ते हुकमात नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने लावली असेल. मग सुधारणा "पुढे काळजी घेऊ" अशी लिहू नका. "हुकमाच्या चौथ्या भागात बॅटरीसाठी नाव आणि वेळ सांगायची, निघण्याआधी ६० मिनिटं रेडिओ चेक" अशी लिहा. पुढच्या कामाची सुरुवात मागच्या आढाव्यातली ही ओळ वाचून करा. ती वाचली नाही तर त्याच चुका दर महिन्याला नव्याने सापडतात.

कंपनी_ट्रेनिंग

फारच उपयोगी. दोन शेवटचे प्रश्न. मधले दोन महिने निम्मी कंपनी फील्डमध्ये, पोस्टवर असणार आहे. भेटींचं काय करायचं? आणि सहा महिन्यांनी "उपयोग झाला का?" हे कंपनी कमांडरना कशावरून दाखवायचं?

नकाशा_आणि_कंपास

फील्डमध्ये ४० मिनिटांचा हट्ट सोडा. दहा-पंधरा मिनिटं, चालता चालता किंवा शस्त्र साफ करताना, आठवड्यातून एकदा. बरोबरीने बसून काम करताना माणूस समोरासमोर बसण्यापेक्षा मोकळं बोलतो. मेंटर आणि जवान वेगळ्या ठिकाणी असतील तर त्या काळापुरता पोस्टवरचा राखीव मेंटर द्या. त्या तिघांची बैठक निघण्याआधी घ्या, नंतर नाही. फोनवर चालवायचं असेल तर ठिकाण, हालचाल, संख्या यातलं काही बोलायचं नाही, हे मेंटरच्या प्रशिक्षणातच घाला. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात भेट सक्तीची ठेवा. पोस्टवरून उतरल्यावरचे पहिले पंधरा दिवस अनेकांना पोस्टपेक्षा जड जातात.

मोजमापासाठी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि शेवटी तीच निनावी आठ वाक्यं द्या, १ ते ५ गुणांची. "अडचण आली तर कोणाकडे जायचं हे मला माहीत आहे", "माझी चूक मी सेक्शन कमांडरला सांगू शकतो", "पुढच्या वर्षी मला काय शिकायचं आहे ते मला ठाऊक आहे", अशी. नंतर घेतलेल्या आकड्यांना सुरुवातीच्या आकड्यांशिवाय काही अर्थ नाही, म्हणून पहिली फेरी जोड्या जाहीर होण्याआधीच घ्या. सेक्शनवार निकाल काढू नका. सात-आठ जणांच्या गटात कोणी काय लिहिलं ते ओळखू येतं आणि पुढच्या फेरीत सगळे ४ भरतात.

याशिवाय तीन गोष्टी मोजा: ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, सहाव्या आठवड्यात किती जणांनी जोडी बदलली, आणि नेतृत्वाच्या कामांपैकी किती जणांनी रात्रीची गस्त वरिष्ठाला मध्ये पडावं न लागता पार पाडली. भेटी तीन-चतुर्थांशाखाली गेल्या तर दोष बहुधा वेळापत्रकात असतो, आधी तिथे बघा. कोणीच जोडी बदलली नाही तर खूश होऊ नका, विचारण्याची पद्धत तपासा.

शिस्तभंगाचे आकडे पुरावा म्हणून दाखवू नका. ३० जणांत दोन प्रकरणं कमी-जास्त होणं निव्वळ योगायोगही असू शकतो, आणि एकदा तो आकडा यशाचं माप ठरला की प्रकरणं कागदावर यायची थांबतात.

जुनी_पलटण

एक भर. समन्वयकाने मेंटरांची महिन्याला एक तासाची बैठक घ्यावी, जवानांची नावं न घेता. "अशी अडचण आली, तुम्ही काय कराल?" एवढ्यावरच बोलायचं. समन्वयक प्लाटून कमांडर नसावा, आणि त्याच्या जागी दुसरा कोण हे पहिल्याच दिवशी कार्यक्रमाच्या कागदावर लिहून ठेवा. समन्वयकाची बदली झाली की महिन्याभरात कार्यक्रम थंडावतो. चौथ्या महिन्यापासून दुसऱ्याला सोबत बसवा आणि पाचव्या महिन्याची बैठक त्यालाच घ्यायला द्या.